सत्तर अक्षरांचा निरोप

पहाटे 5.45

कापसाच्या हंगामात माझं दिवसाचं पहिलं काम म्हणजे आदल्या रात्रीच्या मेसेजचा हिशेब बघणं. गॅसवर चहा ठेवते आणि फोनवरचं ॲप उघडते. किती जणांना पोचला, कोणाचा फोन बंद होता, कोणाचा नंबर बदलला, सगळं त्यात ओळीने दिसतं. न पोचलेल्यांची नावं मी वहीत उतरवून घेते, कारण त्यांना फोन करावा लागतो.

आमच्या सोनाळा गावाच्या उत्तरेला सातपुडा सुरू होतो. तिथेच अंबाबरवा अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. डोंगराच्या कडेच्या शेतांत रेंज येते आणि जाते. संध्याकाळी पाठवलेला मेसेज कधी कधी माणूस दुसऱ्या दिवशी गावात आल्यावरच पडतो. पाठवणाऱ्याने हे कायम ध्यानात ठेवायला हवं.

मी एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संकलन केंद्रावर काम करते. सभासद शेतकरी, वेचणीला जाणाऱ्या बाया, गाडीवाले आणि काट्यावरची पोरं या सगळ्यांना वेळेवर निरोप पोचवायची जबाबदारी माझी. व्हॉट्सॲपचा ग्रुप आहेच. पण वेचणीच्या बायांपैकी बऱ्याच जणींकडे बटणांचा फोन असतो, आणि ज्यांच्याकडे मोठा फोन आहे त्यांचा डेटा महिनाअखेरीस संपलेला असतो. साधा एसएमएस मात्र रिचार्ज संपत आला असला तरी येतो. म्हणून आमचं महत्त्वाचं काम अजून एसएमएसवरच चालतं.

सकाळी 6.15

पहिला मेसेज वेचणीच्या गाडीचा. कोणत्या चौकातून, किती वाजता, कोणाच्या शेतावर. एवढ्या लवकर पाठवायला परवानगी आहे का, असं मला नवीन माणसं विचारतात. आहे. जाहिरातीचे मेसेज सकाळी 10 ते रात्री 9 याच वेळेत जातात. कामाचा, म्हणजे ज्याच्याशी आपला व्यवहार आधीच ठरलेला आहे त्याला त्या व्यवहारापुरता जाणारा मेसेज ‘सेवा’ या वर्गात मोडतो आणि त्याला घड्याळाचं बंधन नसतं. बँकेचा ओटीपी जसा रात्री दोन वाजताही येतो, तसा.

ही विभागणी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, 2018 च्या नियमांतून आली. त्या नियमांनी धंद्याचे मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाला मोबाईल कंपन्यांच्या डीएलटी नावाच्या सामाईक नोंदवहीत आणलं. आधी संस्थेची नोंद, पॅन आणि नोंदणीच्या कागदांसकट. मग सहा अक्षरांचं हेडर, म्हणजे मेसेज ज्या नावाने येतो ते नाव. मग प्रत्येक मेसेजचा मजकूर, टेम्प्लेट म्हणून. या तिन्हींपैकी एक जरी नोंदलेलं नसेल तर मेसेज निघतच नाही.

सकाळी 8.00

केंद्र उघडतं. काट्यासमोर रात्रीच उभ्या राहिलेल्या दोन-तीन गाड्या असतात. कापूस मोजणारी पोरं आर्द्रता मापकाची काडी गंजीत खुपसून आकडे ओरडतात आणि मी ते लिहून घेते.

2025-26 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आणि स्लॉटची पद्धत आणली. लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला 7,710 रुपये क्विंटल असा त्या हंगामाचा हमीभाव होता. आर्द्रता 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यावर कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर गेली तर माल परत. म्हणजे स्लॉटची तारीख शेतकऱ्याच्या लक्षात राहणं आणि ओला कापूस घरीच वाळवला जाणं या दोन गोष्टींवर त्याचा वर्षाचा पैसा अवलंबून असतो. आमचा एक मेसेज चुकला किंवा उशिरा गेला तर कोणाची तरी गाडी भाड्यासकट रिकामी परत येते. त्यामुळे नियमांचं काम मला कागदी वाटत नाही.

सकाळी 9.30

आज एक नवा टेम्प्लेट नोंदवायचा आहे. गावोगावी कापसाची गाडी फिरवायची ठरली आहे, तिच्या वेळेचा. दिवसातलं सगळ्यात अवघड काम हेच, आणि ते आवडीचंही आहे.

एसएमएसमध्ये मुळात 140 बाइट मावतात. इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरतात, म्हणून इंग्रजीत 160 अक्षरांचा एक मेसेज होतो. देवनागरीला सोळा बिट लागतात, म्हणून आमच्या वाट्याला 70 येतात. मेसेज त्याहून लांब झाला की तो तुकड्यांत जातो. मग तुकडे जोडायची खूण प्रत्येकात घालावी लागते आणि एका तुकड्यात 67 च उरतात. एकाऐवजी दोन मेसेजचे पैसे. शिवाय मोजणी आपल्या डोळ्याच्या हिशेबाने होत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळं वेगळं धरलं जातं. ‘कापूस’ ही पाच अक्षरं, ‘सोनाळा’ सहा, आणि ‘क्षेत्र’ सात.

माझा पहिला मसुदा असा होता: ‘उद्या दि. 12 रोजी टुनकी येथे कापूस गाडी सकाळी 8 वाजता येईल. ओला कापूस आणू नये.’ मोजली तर 78 अक्षरं. सगळ्यात सोपा उपाय तारीख काढायचा. ‘उद्या टुनकी येथे’ असं लिहिलं की 66 मध्ये बसतं. पण सकाळी सांगितलं तसं, डोंगराकडच्या माणसाला मेसेज एक दिवस उशिरा मिळू शकतो. त्याच्या ‘उद्या’चा अर्थ परवा होतो आणि तो गाडी निघून गेल्यावर गंजी घेऊन रस्त्यावर उभा राहतो. म्हणून ‘उद्या’ काढलं आणि तारीख ठेवली: ‘12 रोजी टुनकी येथे कापूस गाडी सकाळी 8 वाजता येईल. ओला कापूस आणू नये.’ झाली 68.

आता राहिलं कंपनीचं नाव. टेम्प्लेटमध्ये पाठवणाऱ्याचं नाव असावं लागतं, आणि ते असणं मला योग्यच वाटतं. पण उरलेल्या दोन अक्षरांत कोणाचंही नाव बसत नाही. म्हणजे मेसेज दोन तुकड्यांचा झाला. मग मी त्यात केंद्राचा फोन नंबर आणि ‘आर्द्रता 12 टक्क्यांपेक्षा कमी असावी’ हेही घातलं. पैसे दोनाचे जाणारच आहेत तर शेतकऱ्याच्या उपयोगाचं तरी लिहावं.

मराठी इंग्रजी अक्षरांत लिहून 160 चा फायदा घेणारे पुष्कळ आहेत. मी ते करत नाही. शाळेत सातवी-आठवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या बाईला ‘ओला कापूस’ हे शब्द रोमन अक्षरांत वाचायला लावणं म्हणजे तिला निरोप न देण्यासारखंच. तिने वाचावं म्हणूनच तर पाठवतो आपण.

टेम्प्लेटमध्ये गाव, तारीख, वेळ या बदलत्या गोष्टींसाठी रिकाम्या जागा सोडायच्या असतात. एका जागेत जास्तीत जास्त 30 अक्षरं. ‘टुनकी’, ‘वसाली’ सहज बसतात. पण गाडीवाले पत्ता सांगतात ‘मारुतीच्या पारासमोरच्या गोदामाजवळ’ असा, आणि तो 33 भरतो. मग ‘मारुतीच्या पाराजवळ’ एवढंच लिहायचं. गावात तेवढ्याने कळतं.

सगळा मजकूर डीएलटीवर टाकला, वर्ग ‘सेवा’ निवडला, आणि मंजुरीची वाट बघत बसले.

सकाळी 11.00

वान नदीकडच्या एका गावातले काका आले. खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. “ताई, हे पाय बरं. आज रात्री लाईन कापणार म्हणते. मी तं बिल भरलं होतं.”

मेसेज इंग्रजीत होता. मागच्या महिन्याचं बिल जमा झालं नाही, रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर अधिकाऱ्याला फोन करा. पाठवणारा साधा दहा अंकी मोबाईल नंबर. हा फसवणुकीचा जुना साचा आहे. 2022 पासून महाराष्ट्रभर लोकांना असे मेसेज आले, आणि फोन केल्यावर ॲप टाकायला लावून खाती रिकामी केली गेली. महावितरणने तेव्हा जाहीर सांगितलं होतं की आमचे मेसेज एमएसईडीसीएल असं हेडर असलेल्या नावानेच येतात, कोणत्याही खासगी नंबरवरून येत नाहीत.

काकांना मी दोन मेसेज शेजारी शेजारी दाखवले. महावितरणचा खरा आणि हा खोटा. “नंबरावरून आला तं खोटा, नावावरून आला तं पायायचा,” असं त्यांनीच स्वतःशी म्हणून पक्कं केलं. त्यात मी एक भर घातली. ट्रायच्या नियमांत 2025 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर हेडरच्या शेवटी एक अक्षर लागतं. जाहिरातीला पी, सेवेला एस, बँकेच्या व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी. नावाच्या शेवटी काय आहे ते बघायची सवय लागली की अर्धी फसवणूक दारातच थांबते.

त्यांच्या फोनवरून 1909 वर तक्रार पाठवली. आता ही तक्रार सात दिवसांपर्यंत करता येते, आधी तीनच दिवस मिळत. काका चहा पिऊन गेले. मला वाटतं, हेडर आणि टेम्प्लेटच्या या कटकटीचं खरं उत्तर त्या दहा मिनिटांत होतं. आमचं नाव नोंदलेलं आहे, मजकूर ठरलेला आहे, म्हणूनच आमचा मेसेज बघून माणूस गाडी जुंपतो. हा विश्वास आम्ही एकदा मोडला तर पुढच्या वेळी खऱ्या निरोपालाही तो फसवणूक समजून थांबेल.

दुपारी 12.30

संचालकांपैकी एक भाऊ डबा खायला केंद्रावर येतात. आज त्यांच्या डोक्यात कल्पना होती. गाडीच्या मेसेजखाली एक ओळ घालू: आपल्याकडे फवारणीची औषधं सवलतीत मिळतील. पैसे तर दोन मेसेजचे जातातच आहेत.

मी नाही म्हटलं. त्याची दोन कारणं. एक तर मंजूर टेम्प्लेटमध्ये ती ओळ नाही, त्यामुळे मोबाईल कंपनीच्या गाळणीत मेसेज अडकेल आणि गाडीची वेळही कोणाला कळणार नाही. दुसरं, सेवेच्या मेसेजमध्ये विक्री मिसळणं हे नियमाच्या हेतूलाच मारक आहे. जाहिरात करायची तर तिचा वेगळा टेम्प्लेट, वेगळं हेडर, 10 ते 9 ची वेळ, ज्याने जाहिराती नको म्हणून नोंद केली त्याला वगळणं, आणि नको म्हणायची सोय मेसेजमध्येच देणं. ते सगळं करू, पण वेगळं करू.

भाऊंनी मग पुतण्याचा उपाय सांगितला. एक ॲप आहे, आपल्याच सिमवरून एकाच वेळी सगळ्यांना मेसेज जातात, नोंदणीची भानगडच नाही. असे ॲप मिळतात हे खरं आहे. आणि बऱ्याच लहान दुकानांत, शिकवण्यांत, पतसंस्थांत तेच वापरतात हेही खरं. पण 2025 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी नसलेल्या नंबरावर दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते. पहिल्यांदा दोषी ठरलं तर पंधरा दिवस बाहेर जाणारी सेवा बंद. पुन्हा तेच केलं तर त्या माणसाची सगळी कनेक्शनं, सगळ्या कंपन्यांची, वर्षभरासाठी तुटतात. पुतण्याचं सिम त्याच्या बँकेला, आधारला, पीक विम्याला जोडलेलं आहे. एवढं ऐकल्यावर भाऊंनी विषय सोडला.

हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. अमेरिकेतही साध्या दहा अंकी नंबरावरून धंद्याचे मेसेज पाठवायचे तर आता आधी संस्था आणि मेसेजचा हेतू नोंदवावा लागतो, आणि ‘स्टॉप’ असं उत्तर आलं की थांबावं लागतं. जगभर मोबाईल कंपन्या एकाच दिशेने निघाल्या आहेत.

दुपारी 2.15

टेम्प्लेट परत आला. नामंजूर. कारण एका ओळीत होतं: रिकाम्या जागा लागोपाठ आल्या आहेत. ‘गाव’ आणि ‘ठिकाण’ या दोन जागांमध्ये मी फक्त एक मोकळी जागा सोडली होती. त्यात ‘येथे’ घातलं आणि पुन्हा पाठवला. या अटीमागचा विचार मला कळतो. सगळा मजकूरच रिकाम्या जागांचा असेल तर टेम्प्लेटला अर्थ उरत नाही आणि त्यात कोणीही काहीही भरेल.

तेवढ्या वेळात स्लॉटच्या मेसेजचं काम केलं. त्यात केंद्राच्या नकाशाची लिंक आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून मोबाईल कंपन्यांकडे आधी नोंदवलेली नाही अशी लिंक असलेला मेसेज पुढे जात नाही. लिंकवरून किंवा फोनमध्ये परस्पर ॲप टाकायला लावून होणारी फसवणूक बघता मला हा नियम सगळ्यात जास्त पटतो. आमची लिंक आधीच नोंदलेली आहे, त्यामुळे तिला अडचण आली नाही.

दुपारी 4.00

मंजुरी आली. नमुना म्हणून स्वतःच्या आणि काट्यावरच्या पोरांच्या फोनवर पाठवून बघितलं. एक मेसेज गेला, दुसरा गेला नाही. ॲपमध्ये मजकूर चिकटवताना पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा पडल्या होत्या. नोंदलेल्या मजकुरात एकच होती. यंत्र एवढंच पाहतं की नोंदलेलं आणि आलेलं तंतोतंत जुळतं की नाही.

ही जुळणी 8 मार्च 2021 ला देशभर पहिल्यांदा कडक लागू झाली, त्या दिवशीच्या गोंधळाची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. बँकांचे ओटीपी, आधारचे ओटीपी, कोविनवर लसीची नोंदणी, सगळं अडकलं. ज्यांचे टेम्प्लेट नोंदलेले नव्हते किंवा जुळत नव्हते त्यांचे मेसेज गाळणीतच राहिले. दुसऱ्याच दिवशी ट्रायने ती अंमलबजावणी सात दिवसांसाठी थांबवली. मोठमोठ्या बँकांचीही तेव्हा तयारी झालेली नव्हती. लहान संस्थेने तरी घाई न करता आधी दोन-चार फोनवर तपासूनच पाठवावं, हे मी त्यावरून धरलं.

सायंकाळी 5.30

वहीतले बदल नोंदवायची वेळ. एका ताईने नंबर बदलला. एकाने कंपनी सोडली, त्याचं नाव यादीतून काढलं. सोडून गेलेल्याला मेसेज जात राहिले तर ते ‘सेवा’ राहत नाहीत, म्हणून हे काम मी उद्यावर ढकलत नाही. सभासद होताना प्रत्येकाची मेसेजसाठीची संमती लेखी घेतो. ती फाईल कपाटात आहे आणि तिची नोंद संगणकातही.

सायंकाळी 7.00

आता सगळ्या गावांना गाडीचा मेसेज. एकेका गावाची यादी, एकेका गावाची वेळ. पाठवा हे बटण दाबण्याआधी मी मजकूर मोठ्याने वाचते, शेजारचा कोणी तरी ऐकतो. ऐकणाऱ्याला कळलं तरच पाठवायचं. आज काट्यावरच्या पोराने विचारलं, “ताई, आठ वाजता म्हंजे सकाळच्या का संध्याकाळच्या?” ‘सकाळी’ शब्द मजकुरात होता, पण तो लांब वाक्यात हरवत होता. तिथल्या तिथे वाक्य बदलता येत नाही, मजकूर नोंदलेला आहे. पुढच्या टेम्प्लेटमध्ये ‘सकाळी’ सगळ्यात आधी येईल.

रात्री 8.40

रिपोर्ट पुन्हा बघितला. बहुतेक पोचले. डोंगराकडची काही नावं अजून ‘प्रतीक्षेत’. त्यांना सकाळी फोन. नऊनंतर जाहिरातीचा मेसेज कोणीही पाठवू नये आणि आम्ही पाठवतही नाही. कामाचा निरोप मात्र गरज पडली तर रात्रीही जातो. अवकाळीचा इशारा आला तर रात्री दहालाही ‘कापूस झाका’ असं पाठवायचा टेम्प्लेट आमच्याकडे मंजूर होऊन पडलेला आहे.

दिवसभर या नियमांशी काम केल्यावर माझं मत स्पष्ट आहे. नोंदणी, हेडर, टेम्प्लेट, लिंकची तपासणी, सगळं पाळावं. त्यात लहान माणसाचा बचाव आहे. पण एक गोष्ट अन्यायाची आहे आणि ती बदलता येण्यासारखी आहे. मराठीत लिहिलेल्या त्याच निरोपाला इंग्रजीच्या दुप्पट, कधी तिप्पट पैसे पडतात. तंत्राची अडचण सांगितली जाते, पण मोबाईलच्या आंतरराष्ट्रीय मानकात हिंदीसह दहा भारतीय भाषांसाठी वेगळे अक्षरतक्ते कधीच आलेले आहेत. ते वापरले तर एका मेसेजमध्ये दीडशेच्या आसपास अक्षरं बसतात. फोन आणि जाळ्यांत ते फारसे वापरात आले नाहीत. आणि ते येईपर्यंत दर कसा लावायचा हे तर माणसांच्याच हातात आहे. भारतीय लिपीतला, नोंदलेला, सेवेचा मेसेज 160 अक्षरांपर्यंत एकच धरावा, एवढा एक नियम ट्रायने करावा. ज्या शेतकरी कंपन्या, बचत गट, शाळा आणि दूध संस्था मराठीत निरोप पाठवतात त्यांनी ही मागणी लेखी करावी. ट्राय कोणताही नियम करण्याआधी सल्लापत्रक काढून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवते. पुढचं सल्लापत्रक निघेल तेव्हा त्यावर मराठीतून लिहिलेली पत्रं गेली पाहिजेत.